रबाळ्यातली सहावी बॅच

सहावी बॅच संध्याकाळी पाचला चार्ज झाली होती, म्हणजे कच्चा माल रिॲक्टरमध्ये भरून झाला होता. नेहमीच्या हिशोबाने नऊच्या आसपास रिॲक्टरने हायड्रोजन ओढणं थांबवायला हवं होतं. रात्री साडेअकराला मी घरून फोन लावला, तेव्हा शिफ्टवरचे काका म्हणाले, "ओढतेय साहेब अजून, पण म्हाताऱ्या बैलासारखी. दोन पावलं टाकते नि उभी राहते." पहाटे सव्वादोनला बॅच संपली. चार तासांच्या कामाला नऊ तास लागले होते.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातलं हे प्रकरण. चुकलेल्यांच्या यादीत माझंही नाव आहे, म्हणून ते जसं उलगडत गेलं तसंच लिहितो. आधी उत्तर सांगून मग शहाणपण मिरवण्यात अर्थ नाही.

लोखंडाच्या चिखलातून

आमचा कारखाना नवी मुंबईत रबाळ्याला, टीटीसी एमआयडीसी या औद्योगिक वसाहतीत. एका बाजूला ठाणे-बेलापूर रस्ता, दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर. हा पट्टा रसायनांना नवा नाही. नोसिल कंपनीचा नाफ्था क्रॅकर (नाफ्था फोडून त्यापासून रसायनं बनवणारा कारखाना) १९६८ मध्ये याच रस्त्यावर सुरू झाला. आज जिथे आयटी पार्कांच्या काचा चमकतात, तिथून जाताना डोळे मिटून नुसत्या वासावरून कुठला स्टॉप आला ते सांगणारे लोक एके काळी बसमध्ये असायचे. आम्ही त्या मानाने किरकोळ: सत्तर माणसं, दोन प्लांट. 'ए' प्लांटमध्ये पॅरा-नायट्रोफेनेटोलपासून पॅरा-फेनेटिडिन बनतं, जे पुढे रंगांच्या आणि ॲंटिऑक्सिडंटच्या कारखान्यांत जातं. 'बी' प्लांटमध्ये जी ऑर्डर येईल ती.

'ए' प्लांटचं काम सांगायला सोपं आहे. नायट्रो गटातले दोन ऑक्सिजन काढायचे आणि त्यांच्या जागी दोन हायड्रोजन बसवायचे. आठ वर्षांपूर्वीपर्यंत हे आम्ही बिडाचा भुसा आणि थोडं आम्ल घालून करत होतो. बेशाँ या फ्रेंच रसायनज्ञाने १८५४ मध्ये दाखवलेली ही रीत. ती बिनबोभाट चालते, कुणी नवशिका असला तरी चालते, आणि तिथेच तिचे गुण संपतात. ५०० किलो नायट्रोला कागदावरच्या हिशोबाने सुमारे ३७५ किलो लोखंड लागतं, माल मिळतो ४१० किलो, आणि काळा लोह-ऑक्साइड उरतो ५०० किलोच्या वर, तोही कोरडा धरला तर. प्रत्यक्षात तो लगदा असतो, पाणी आणि अमाइन (म्हणजे आमचा माल) धरून बसलेला. म्हणजे आमच्या कारखान्यात मालापेक्षा चिखल जास्त बनत होता. जर्मनीत १९२५ च्या सुमारास लाउक्स नावाच्या रसायनज्ञाने याच चिखलापासून रंगद्रव्य काढायची युक्ती शोधली, आणि मग चिखल हाच माल झाला. आमच्याकडे तो फक्त फावड्याने ओढावा लागायचा. काकांच्या पाठीचा पट्टा त्या काळातला.

मग आला हायड्रोजन आणि पीडी-कार्बन हा कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक: अभिक्रिया घडवतो, स्वतः खर्च होत नाही. पीडी-कार्बन म्हणजे सक्रिय कोळशाच्या पुडीवर पॅलेडियमचे अतिसूक्ष्म कण. ड्रम उघडला की कॉफीच्या ओल्या चोथ्यासारखं दिसतं. आम्ही वापरतो त्यात कोरड्या वजनाच्या ५ टक्के पॅलेडियम, आणि अर्धं वजन मुद्दाम ठेवलेलं पाणी. एका बॅचला ५ किलो ओला कॅटॅलिस्ट, म्हणजे अडीच किलो कोरडा, म्हणजे १२५ ग्रॅम पॅलेडियम. ३,००० लिटरचा रिॲक्टर, १,५०० लिटर मिथेनॉल, ५०० किलो नायट्रो, ६५ अंश सेल्सिअस, ८ बार दाब. बाहेर पडतं ते अमाइन आणि पाणी, बाकी काही नाही. कॅटॅलिस्ट फिल्टरवर अडतो, मिथेनॉलने धुऊन पुढच्या बॅचला परत जातो.

'विषमांगी उत्प्रेरक' या भारदस्त शब्दाचा कारखान्यातला अर्थ एवढाच: अभिक्रिया होणारे पदार्थ द्रव आणि वायू, उत्प्रेरक मात्र घन, म्हणून तो गाळून काढता येतो. ज्यांच्या घरी डालड्याचा डबा होता त्यांनी याचंच फळ खाल्लंय. तेलात निकेलची पूड घालून हायड्रोजन सोडायचा, तेल थिजतं, निकेल गाळून घ्यायचा. फ्रान्सच्या साबातिएने १८९७ पासून निकेलवरच्या हायड्रोजनेशनचा पाया घातला आणि १९१२ चं नोबेल त्याला मिळालं. तेलाचं पेटंट जर्मनीच्या नॉर्मानने १९०२ मध्ये घेतलं.

आमच्याकडे एक कॅटॅलिस्ट चौदा-पंधरा बॅचा सहज चालायचा. मग तो रिफायनरकडे पाठवायचा. ते पॅलेडियम काढून घेऊन हिशोब करतात. त्या हिशोबात ओलाव्यावरून होणारी घासाघीस हा वेगळा लेख आहे.

आणि त्या जुलैत सहाव्या बॅचलाच बैल बसला.

संशयाची रांग

पहिला संशय पावसावर. नवी मुंबईत जुलैमध्ये काहीही बिघडलं की पाऊस जबाबदार असतो. पण जो कॅटॅलिस्ट मुळातच निम्मा पाण्याने भरलेला आहे आणि ज्या अभिक्रियेत स्वतःचंच पाणी तयार होतं, तिला हवेतल्या ओलाव्याने काय होणार? हा संशय अर्ध्या तासात गेला.

दुसरा संशय कॅटॅलिस्ट देणाऱ्यावर. शेठ म्हणाले, "माल हलका दिलाय त्याने. फोन करा, क्रेडिट नोट मागा." फोन केला. त्यांनी त्या लॉटचा राखून ठेवलेला नमुना तपासला, चोख निघाला. आम्ही नवा ड्रम मागवला. पहिली बॅच चार तास. दुसरी चार तास. तिसरी, चौथी, पाचवी चार-सव्वाचार. शेठ खूश. "बघा, मी म्हणत होतो." सहावी साडेपाच, सातवी आठ.

इथे मला पहिल्यांदा धास्ती वाटली, ती उशिराची नव्हे. नायट्रोचा अमाइन एका उडीत होत नाही. वाटेत नायट्रोसो आणि हायड्रॉक्सिलअमाइन अशा पायऱ्या आहेत. हा क्रम फ्रिट्झ हाबरने १८९८ मध्ये नायट्रोबेंझिनवर मांडला होता, म्हणजे ज्याने पुढे अमोनिया बनवून दाखवला तोच हा हाबर. कॅटॅलिस्ट तरणाबांड असेल तर मधल्या पायऱ्यांवर कुणी थांबत नाही. तो थकला की हायड्रॉक्सिलअमाइन साठत जातं, आणि साठलेलं हायड्रॉक्सिलअमाइन तापलं तर स्वतःहून फुटू शकतं. शिवाय एका बॅचची एकूण उष्णता सुमारे १,५०० मेगाज्यूल. घरगुती गॅसचे सव्वादोन सिलिंडर जाळल्यावर मिळते तेवढी. ती चार तासांत रिॲक्टरभोवतीच्या थंड पाण्याच्या जॅकेटमधून शांतपणे निघते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. सातव्या बॅचच्या मधल्या नमुन्यात एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) हायड्रॉक्सिलअमाइनचं ते नको असलेलं शिखर स्पष्ट दिसत होतं आणि माल नेहमीच्या पिवळसर रंगाऐवजी चहाच्या रंगाचा होता. मी त्याच दिवशी लिहून दिलं: ओढ मंदावली तर तापमान वाढवून बॅच रेटायची नाही. शेठना हे आवडलं नाही. त्यांच्या डोक्यात वेळ होता, माझ्या डोक्यात ते शिखर.

तिसरा संशय हायड्रोजनवर. एका बॅचला सुमारे २०० घनमीटर हायड्रोजन लागतो, म्हणजे तीसेक सिलिंडर. त्यात कार्बन मोनॉक्साइडचा अंश असेल तर पॅलेडियमला तो भोवतो. पुरवठादाराची प्रमाणपत्रं बघितली, एका कॅस्केडचा (एकत्र जोडलेल्या सिलिंडरांच्या संचाचा) नमुना बाहेर तपासून घेतला, काही निघालं नाही. चौथा संशय फिल्टरवर: कॅटॅलिस्ट झिजून बारीक होतो आणि कापडातून निसटतो का? गाळलेल्या द्रावणात पॅलेडियम मोजलं, नेहमीइतकंच.

ठिणगी

या चौथ्या संशयापायी फिल्टर नेहमीपेक्षा जास्त वेळा उघडला गेला, आणि त्यातून जे घडलं ते या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत ठळक आठवतं.

दुपारची वेळ. मेंटेनन्सच्या मुलाने फिल्टरच्या प्लेटा पुसल्या आणि गोणपाटाचा तुकडा शेडच्या बाहेर कठड्यावर टाकला. पाऊस थांबला होता, वारा होता. वीसेक मिनिटांनी काका चहा पिऊन परत येताना थांबले. त्या गोणपाटावरचा काळा डाग एका टोकाला राखाडी झाला होता आणि राखाडीच्या कडेने लाल रेघ सरकत होती. उदबत्ती विझता विझता जशी दिसते, तशी. काकांनी आरडाओरडा केला नाही. चिमट्याने तो तुकडा उचलला आणि पाण्याच्या बादलीत बुडवला. तिथून मिथेनॉलचे ड्रम बारा फुटांवर होते.

हायड्रोजन पिऊन आलेला पॅलेडियम कोरडा पडला आणि हवेला लागला की असंच होतं. पृष्ठभागावर धरून ठेवलेला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ घालतो, उष्णता होते, कोळसा धुमसतो. १८२३ मध्ये जर्मनीत डोबेरायनरने प्लॅटिनमच्या भुसभुशीत गोळ्यावर हायड्रोजनची धार सोडली, तर ती आपोआप पेटली. त्यावर त्याने दिवा बनवला, आणि काडेपेटी घरोघरी पोचण्याआधी लोकांनी तो विकत घेऊन वापरला. बर्झेलियसने 'कॅटॅलिसिस' हा शब्द सुचवला १८३५ मध्ये, म्हणजे नाव पडण्याआधी बारा वर्षं ही गोष्ट दिवाणखान्यात जळत होती. आमच्याकडे ती कठड्यावर जळाली. ज्या कॅटॅलिस्टला आम्ही 'मेला' म्हणत होतो, त्यात अजून एवढा जीव होता.

ही शेवटची गोष्ट तेव्हा मी गंभीरपणे घेतली नाही. घ्यायला हवी होती. कारण तिच्यात उत्तराचा एक धागा होता: पॅलेडियम जागेवर आहे, हायड्रोजनही धरतोय, तरी बॅच चालत नाही. म्हणजे तो गेलेला नाही, त्याचा काही भाग अडवलेला आहे.

लिटरभराचा रिॲक्टर

प्लांटमध्ये एका वेळी दहा गोष्टी बदलतात. म्हणून प्रयोगशाळेतल्या १ लिटरच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात, उतरलो. तापमान, दाब, नायट्रो सगळं तेच, कॅटॅलिस्ट मात्र मुद्दाम तोकडा घेतला.

नवा कॅटॅलिस्ट, नवं मिथेनॉल: ७० मिनिटं. जुना, सात बॅचा झालेला कॅटॅलिस्ट, नवं मिथेनॉल: ३ तास होऊनही अपुरं. म्हणजे बिघाड कॅटॅलिस्टच्या अंगात मुरलेला, द्रावण बदलून जाणारा नाही. मग आमच्या मुलीने (प्रयोगशाळेत नुकतीच लागलेली एमएस्सी, सगळे तिला आमची मुलगीच म्हणतात) विचारलं, "सर, प्लांटमध्ये नवं मिथेनॉल वापरतोच कुठे आपण?"

खरंच. प्लांटमध्ये आम्ही रिकव्हर्ड मिथेनॉल वापरतो, कॉलममधून ऊर्ध्वपातन करून परत घेतलेलं. शुद्धता ९९.८ टक्के, प्रत्येक ड्रमवर क्यूसीची (गुणवत्ता तपासणीची) सही. तरी करून बघितलं. नवा कॅटॅलिस्ट, रिकव्हर्ड मिथेनॉल: पहिल्यांदा ८० मिनिटं. तोच गाळून पुन्हा: १०० च्या पुढे. तिसऱ्यांदा: १५०. नव्या मिथेनॉलमध्ये हीच तीन आवर्तनं ७०, ७२, ७५ अशी झाली.

चोर मिथेनॉलमध्ये होता. पण मग एक गोष्ट जुळेना. प्रयोगशाळेत दुसऱ्याच आवर्तनात फरक दिसतो, तर प्लांटमध्ये पाच बॅचा चार तास, चार तास अशा कशा निघतात?

याचं उत्तर ढवळण्यात सापडलं, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने या प्रकरणातला सगळ्यात चांगला भाग मला हाच वाटतो. प्रयोगशाळेत नव्या कॅटॅलिस्टवर ढवळण्याचा वेग ४०० वरून ८०० आरपीएम केला, तर अभिक्रिया जोरात वाढली. थकलेल्या कॅटॅलिस्टवर तोच वेग दुप्पट केला, फरक शून्य. हायड्रोजनला आधी वायूतून द्रवात विरघळावं लागतं, मग द्रवातून कणापर्यंत पोचावं लागतं, मग कणाच्या छिद्रांत शिरावं लागतं, आणि मग पृष्ठभागावर काम होतं. रांगेतली सगळ्यात हळू खिडकी सगळ्यांचा वेळ ठरवते. आमच्या प्लांटचा ॲजिटेटर (ढवळणारा पंखा) जुना, लोखंडाच्या काळातला. चिखल ढवळायला बनवलेला, वायू विरघळवायला नव्हे. त्यामुळे नवा कॅटॅलिस्ट तिथे अर्धा वेळ हायड्रोजनची वाट बघत रिकामा बसलेला असायचा. त्याची निम्मी ताकद मारली गेली तरी चार तासांचे चारच तास. निम्म्याच्या खाली गेली की पहिल्यांदा घड्याळात दिसायचं, आणि मग एकदम कोसळल्यासारखं.

म्हणजे सहाव्या बॅचला काही झालंच नव्हतं. जे व्हायचं ते पहिल्या बॅचपासून रोज थोडं थोडं होत होतं. ॲजिटेटर ते झाकत होता.

मुळ्याचा वास

आता मिथेनॉलमध्ये काय? क्यूसीचा गॅस क्रोमॅटोग्राफ ९९.८ टक्के म्हणत होता. उरलेल्या ०.२ मध्ये पाणी. पण आमच्या पद्धतीत काही पीपीएमची (दहा लाखांत काही भाग) भेसळ आलेखाच्या तळरेषेत गडप होते. मी ड्रमची यादी घेऊन उभा होतो तेव्हा काका सहज म्हणाले, "तो निळा ड्रम ना? त्याला मुळा किसल्यासारखा वास येतो. मागच्या महिन्यापासून येतोय."

मिथेनॉलचे ड्रम हुंगायचे नसतात, हे काकांना मी दहा वेळा सांगितलंय. पण त्यांनी हुंगला नव्हताच, झाकण उघडताना आलेला तो वास. मुळ्याचा उग्रपणा गंधकाच्या संयुगांमुळे असतो, आणि माणसाचं नाक अशा संयुगांच्या बाबतीत आमच्या यंत्राच्या कितीतरी पुढे आहे. घरगुती गॅसमध्ये मर्कॅप्टन घालतात ते यासाठीच.

गंधक म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. कारण गंधक कुठून आलं हे मला त्याच क्षणी कळलं.

मे महिन्यात 'बी' प्लांटला एक नवी ऑर्डर आली होती. त्यात सोडियम थायोमेथॉक्साइड हे गंधकाचं संयुग लागतं, द्रावक मिथेनॉल. त्यांचा रिकव्हरी कॉलम छोटा, म्हणून त्यांचं मिथेनॉल 'ए' प्लांटच्या कॉलमवर घ्यायचा प्रस्ताव आला. कॉलम मधल्या वेळात रिकामाच असतो, वाफ वाचते, शुद्धता ९९.८ येते. त्या कागदावर सही माझी आहे. डायमिथाइल सल्फाइड आणि डायसल्फाइडचा मागमूस मिथेनॉलसोबत वर येणार, कॉलमच्या भरणीत आणि रिसिव्हरच्या कोपऱ्यांत राहणार, आणि पुढच्या वेळी 'ए' प्लांटच्या मिथेनॉलमध्ये उतरणार, हे मला सुचायला हवं होतं. पॅलेडियम आणि गंधकाचं वैर पहिल्या वर्षाच्या वहीत लिहिलेलं असतं.

बाहेरच्या प्रयोगशाळेतून एकूण गंधकाचा आकडा आला: १ पीपीएमच्या आसपास. नव्या मिथेनॉलमध्ये मोजता येईल इतकंही नाही.

हिशोब

शेठ म्हणाले, "एक पीपीएम? दहा लाखांत एक? एवढ्याने काय होतं?"

मी फळ्यावर मांडलं. ते इथेही मांडतो, कारण घन उत्प्रेरकाचा व्यवहार किलोत नाही तर पृष्ठभागात चालतो हे एकदा आकड्यांत बघितल्याशिवाय पटत नाही.

अडीच किलो कोरड्या सक्रिय कोळशाचं आतलं क्षेत्रफळ ग्रॅमला हजारेक चौरस मीटर धरलं तर एकूण अडीच चौरस किलोमीटर होतं. वीस-बावीस शिवाजी पार्क. पण काम कोळशावर होत नाही, तो नुसती जमीन. काम होतं पॅलेडियमवर. १२५ ग्रॅम म्हणजे १.१७ मोल (मोल हे अणू मोजायचं माप). त्यातले बरेचसे अणू कणांच्या पोटात दडलेले, पृष्ठभागावर साधारण तीस टक्के धरूया. म्हणजे ०.३५ मोल अणू कामाला हजर. त्यांचं क्षेत्रफळ चारेक एकर. एका पॅलेडियम अणूवर एक गंधक बसला तर सगळी चार एकर बंद करायला ०.३५ मोल गंधक पुरे: ११ ग्रॅम. निम्मी बंद करायला साडेपाच.

आता मिथेनॉल. १,५०० लिटर म्हणजे सुमारे १,२०० किलो. किलोला १ मिलिग्रॅम गंधक, म्हणजे बॅचला १.२ ग्रॅम. पाच बॅचांत ६ ग्रॅम. एक चमचा मीठ.

शेठ बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि हे धुऊन जात नाही?"

नाही जात. गंधक पॅलेडियमला चिकटतो तो हायड्रोजनपेक्षा घट्ट. अभिक्रियेतले रेणू येतात, बसतात, बदलून उठून जातात. विष उठत नाही. उद्योगाने हे फार पूर्वी भोगलंय. सल्फ्युरिक ॲसिडसाठी प्लॅटिनम वापरण्याचं पेटंट पेरेग्रिन फिलिप्सने १८३१ मध्ये घेतलं, पण ती रीत नीट चालेपर्यंत एकोणिसावं शतक सरायला आलं, कारण खनिजातल्या आर्सेनिकने प्लॅटिनम मरायचा. अखेर तिथे व्हेनेडियम पेंटॉक्साइड आला, जो आर्सेनिकला फारशी दाद देत नाही. आपल्या गाड्यांचंही तेच. मुंबईसह चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि त्याबरोबर शिसंविरहित पेट्रोल पंपांवर आणावंच लागलं. शिशाचं पेट्रोल टाकलं असतं तर कन्व्हर्टरमधला प्लॅटिनम-पॅलेडियम काही टाक्यांत बाद झाला असता. शेठना हे उदाहरण लगेच पोचलं. त्यांची तेव्हाची गाडी त्यांना अजून आठवते.

मग काय केलं

सर्वांत सरळ उपाय होता 'बी' प्लांटचं मिथेनॉल कॉलमवर न घेणं. तो झाला नाही. ऑर्डर मोठी होती आणि दुसरा कॉलम घ्यायला शेठ तयार नव्हते. मला हा निर्णय आजही पटलेला नाही, पण कारखाना शेठचा आहे. तेव्हा तडजोड अशी: रिसिव्हर वेगळे, 'बी'च्या मोहिमेनंतर कॉलम नव्या मिथेनॉलने धुवायचा, ते धुवण 'बी'लाच परत द्यायचं.

त्याच्या जोडीला एक युक्ती केली जिचा मला थोडा अभिमान आहे. थकलेला कॅटॅलिस्ट रिफायनरकडे पाठवण्याआधी आम्ही आता त्यालाच पहाऱ्याला बसवतो. हायड्रोजनेशनला तो निकामी झाला असला तरी त्याच्या उरलेल्या पृष्ठभागाची गंधकाची भूक तशीच असते. रिकव्हर्ड मिथेनॉल आधी या जुन्या कॅटॅलिस्टबरोबर नायट्रोजनखाली ढवळतो, गाळतो, आणि मग बॅचला घेतो. रॅनी निकेलचा (सच्छिद्र निकेलच्या पुडीचा) असा उपयोग जुना आहे. १९४० च्या दशकात रसायनज्ञ रेणूंतून गंधक उपटायला तो मुद्दाम वापरायचे. आमच्याकडे पॅलेडियम आयताच पडून होता, आणि पॅलेडियम रिफायनरला गंधकासकट दिला तरी त्याचं वजन तेवढंच भरतं.

गोणपाट बंद. फिल्टर पुसलेलं प्रत्येक कापड झाकणाच्या पाण्याच्या ड्रममध्येच जातं. ड्रमवर काकांनी स्वतः लाल रंगाने लिहिलंय: 'काळं दिसलं की आत'.

ॲजिटेटर बदलायचा का, यावर बराच वाद झाला. वायू आत ओढणारा नवा ॲजिटेटर लावला असता तर बॅच तीन तासांत बसली असती, जॅकेटने साथ दिली तर. पण उष्णता काढायची ताकद तेवढीच राहिली आणि ओढ वाढली, तर तापमान आवरणार कोण? ते गणित पुरं होईपर्यंत जुनाच ठेवलाय. मात्र घड्याळावर विसंबणं सोडलं. आता प्रत्येक बॅचनंतर चिमूटभर कॅटॅलिस्ट प्रयोगशाळेत जातो आणि आमची मुलगी लिटरभराच्या ऑटोक्लेव्हमध्ये त्याची खरी ताकद बघते. प्लांटमध्ये सगळं ठीक दिसत असताना तिच्या आलेखाची रेघ उतरताना दिसते.

पहिल्या वर्षी कॅटॅलिस्ट सरासरी तेरा बॅचा चालला. पंधरावर अजून पोचलेलो नाही. कॉलम धुवून स्वच्छ होतो म्हणजे किती स्वच्छ होतो, त्याला मर्यादा आहे.

बॅच शीटमध्ये एक नवा रकाना आला: 'मिथेनॉल कुठलं'. मागच्या महिन्यात रात्री दहाला काकांचा फोन आला. "साहेब, वेळ झाली तरी ओढणं थांबत नाही." माझी छाती धडधडली. विचारलं, "मिथेनॉल कुठलं?" म्हणाले, "तो रकाना आधीच बघितला. आपलंच आहे, पहारा झालेलं. नमुना पण क्यूसीला पास झाला, नायट्रो शिल्लक नाही. बॅच कधीच झालीय."

"मग ओढतंय कोण?"

"सील ओढतंय. हायड्रोजनची लाइन बंद केलीय, साबणाचं पाणी लावलंय. फुगे येतायत."